जो बोलू शकत नाही, त्याच्याजवळ गरम पिशवी ठेवायची नाही

शैला, तुझी शाल आज देऊन आलो.

कुणाला, ते तुला सांगायला नको. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, माझ्या युनिफॉर्मच्या पेटीमागे, सेक्टर बावीसच्या दुकानाच्या पिशवीतच ती इतकी वर्षं पडून होती. पिशवी पिवळी पडली होती, शाल मात्र होती तशी. आत डांबराच्या गोळ्या ताज्या होत्या. म्हणजे दर थंडीत तू त्या बदलत होतीस आणि मला पत्ता नव्हता. तुला वाटत असेल, हा माणूस ती शाल विसरूनही गेला. तसं नव्हतं गं. मी त्या कप्प्याकडे बघायचंच टाळायचो.

तू गेलीस त्याला अजून महिनाही झालेला नाही. भेटायला येणारे येऊन गेले. तुझ्या ऑपरेशन थिएटरच्या पोरी आल्या, माझे एअर फोर्सचे जुने दोस्त आले, मुक्ता रजा संपेपर्यंत राहिली आणि बंगळुरूला परत गेली. जाताना म्हणाली, "पापा, आप अकेले ज़्यादा सोचना मत." आता एकट्या माणसाने दुसरं काय करायचं, ते काही तिने सांगितलं नाही. सगळ्यांनी तुझ्याबद्दल एकच सांगितलं, मैम कडक थी, पर दिल की सोना थी. मी आपली मान हलवत होतो. मनात म्हणत होतो, तुम्हाला काय ठाऊक कडक म्हणजे काय ते. तुमच्या घरच्या दह्यावर कधी कुणी तारीख घातली होती का?

तुझा काळा मार्कर फ्रिजच्या दाराला लटकलेला आहे अजून. आपल्या घरात खोबऱ्याच्या चटणीवर तारीख, चिरलेल्या पालकावर तारीख, लिंबाच्या सरबतावर तारीख. कधी ठेवलं आणि कधी टाकायचं, दोन्ही. एकदा माझ्या हातून श्रीखंडाचा डबा हिसकावून घेतलास. चांगलं दाणेदार, केशर घातलेलं श्रीखंड. मी ओरडलो, "अगं, वास घेऊन बघ, चव घेऊन बघ, काय झालंय त्याला?" तू डबा सिंकमध्ये रिकामा करत म्हणालीस, "अहो, चांगलं दिसतंय म्हणून ठेवायचं नसतं. तारीख गेली म्हणजे गेली." तसंच चहाचं. पेपर वाचता वाचता माझा चहा गार व्हायचा. मी म्हणायचो, जरा गरम करून दे. तू द्यायची नाहीस. कप उचलून न्यायचीस, ओतून टाकायचीस आणि नवा चहा टाकायचीस. एकदा गार झालेलं परत गरम करायचं नाही. मनीमाजऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत आपण काही कमी भांडलो नाही, पण त्यातली निम्मी भांडणं ह्या तुझ्या कायद्यांवरून होती. हे माझं घर आहे की तुझं थिएटर, असं मी किती वेळा विचारलं असेल.

मी कधी ऑपरेशन थिएटरच्या आत पाऊल ठेवलं नाही, पण तुझ्या त्या कपाटाचे नियम मला पाठ आहेत. फ्रिजसारखंच दिसणारं, पण फ्रिजच्या उलट काम करणारं कपाट. थिएटर थंड ठेवतात, पेशंटचं पोट उघडलेलं, त्यात गार सलाईन ओतलं की माणूस आतूनच गारठतो, मग रक्त थांबायला वेळ लागतो, जखम भरायला वेळ लागतो. म्हणून सलाईन त्या कपाटात कोमट करून ठेवायचं. कोमट म्हणजे कोमट, वर चढवायचं नाही. रोज पाळी सुरू होताना आकडा बघायचा. पिशवी आत गेली की तिच्यावर तारीख पडलीच पाहिजे, कारण गरम जागेत ती फार दिवस टिकत नाही. बनवणाऱ्याने जितके दिवस सांगितलेत तितकेच, मग फेकायची, कितीही स्वच्छ दिसली तरी. बाहेर काढून गार झालेली पिशवी परत आत जायची नाही. आणि ब्लँकेटं वेगळी, सलाईन वेगळं, कारण ब्लँकेट जास्त तापवलं तरी चालतं. हे सगळं तू मला भाजी निवडताना, बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत ऐकवलेलं आहेस. एअर फोर्सच्या नोकरीत मी जितकं सेफ्टीचं लेक्चर ऐकलं नाही तितकं तुझं ऐकलं.

पण तू मुळातली अशी नव्हतीस. हे त्या पोरींना माहीत नाही. मला माहीत आहे. कराडहून माझ्याबरोबर आलेली शैला हातघाईची होती, काम उरकणारी, "होतंय हो, चालतंय हो" म्हणणारी. मीच तुला म्हणायचो, जरा नीट, जरा सावकाश. त्या जानेवारीनंतर तू "चालतंय" हा शब्द टाकून दिलास.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की आपल्या गॅलरीतून समोरच्यांची टाकीसुद्धा दिसत नव्हती. तू स्वेटरवर स्वेटर चढवून गेलीस. पुढचं सगळं तूच मला सांगितलंस, म्हणून सांगू शकतो. ऑपरेशनं बरीच होती. खालचा सलाईनचा कप्पा भरला, म्हणून तू चार जादा पिशव्या वरच्या, ब्लँकेटच्या कप्प्यात सरकवल्यास. तेवढ्यापुरत्या. सगळेच करायचे, कधी कुणाला काही झालं नव्हतं. मग जवळच्या खरड गावाहून आलेल्या एक बाई टेबलावर आल्या, पोटाचं ऑपरेशन होतं. बारीक चणीच्या, पांढऱ्या वेणीच्या, सगळे बीजी म्हणत होते. थंडीने आणि भीतीने त्यांचे दात वाजत होते. त्यांनी तुझा हात धरला आणि म्हणाल्या, "पुत्तर, बड़ी ठंड लगदी ए." तुला राहवलं नाही. आपल्याकडे पोट दुखलं, कंबर दुखली की आई गरम पाण्याची पिशवी देते ना, तसं तुला वाटलं. वरच्या कप्प्यातली पिशवी काढलीस, टॉवेलात गुंडाळलीस आणि त्यांच्या कुशीला ठेवलीस. त्या हसल्या. "जीऊंदी रह," म्हणाल्या. मग त्यांना भूल दिली.

ऑपरेशन लांबलं. टॉवेल सरकला. वर हिरव्या चादरी, खाली काय चाललंय कुणाला दिसत नव्हतं. ती पिशवी उघड्या कातडीला टेकून राहिली आणि भुलीतल्या माणसाला "आई गं" म्हणता येत नाही. चादरी काढल्या तेव्हा कुशीवर तळहाताएवढा लाल डाग होता. संध्याकाळपर्यंत फोड आले.

तू घरी आलीस आणि स्वयंपाकघरात तशीच उभी राहिलीस, बूटसुद्धा न काढता. मी टीव्हीसमोरून ओरडलो, चहा ठेवतेस का. उत्तर आलं नाही म्हणून उठून बघितलं तर तू ओट्याला धरून उभी. "अहो," म्हणालीस, "तिने मला आशीर्वाद दिला हो. मी भाजायच्या आधी तिने मला आशीर्वाद दिला." त्या दिवशी चहा मी केला, आणि तो आपण दोघांनीही प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी तू वरिष्ठांपुढे उभी राहून सांगितलंस की पिशवी मी ठेवली, तापलेल्या कप्प्यातली होती, माझी चूक. त्यांनी ऐकून घेतलं. घरच्यांना मात्र वेगळंच सांगितलं गेलं, की मोठ्या ऑपरेशनात कातडीला कधीकधी असं होतं, भरून येईल. आणि तुला बजावलं गेलं की यापुढे ह्यावर एक शब्द नाही. तू गप्प बसलीस. पण रोज ड्यूटी संपली की वॉर्डात जाऊन बीजींची पट्टी बदलायचीस. ते तुझं काम नव्हतं. वॉर्डाच्या पोरी होत्या की. बीजी तुला खरडच्या गोष्टी सांगायच्या, गुरुद्वाऱ्यामागची गल्ली, निळं फाटक, दारातलं तुतीचं झाड. "ठीक हो के जाऊँ, फिर तू आना, साग खिलाऊँगी," म्हणायच्या. तू हो म्हणायचीस. खरं काय ते सांगायला तोंड उघडायचीस आणि पट्टीची टेप कापायला लागायचीस.

मग आपलं ते भांडण सुरू झालं, जे शेवटपर्यंत संपलं नाही. मी विमानं दुरुस्त करणारा माणूस. आमच्याकडे काही घडलं की आधी विचारतात, असा हात तिथे जाऊच कसा शकला? मी तुला म्हणायचो, "दोन कप्पे एकावर एक, दार सारखं, रंग सारखा, कुणीही काहीही ठेवा. चूक कपाटाची आहे, तुझी नाही." तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "तुमच्या विमानाला कातडी नसते हो." मी एकदा मूर्खासारखा म्हणालो, "असते की, ॲल्युमिनियमची." हसशील असं वाटलं होतं. तू ताट उचलून आत गेलीस आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

आज वाटतं, मी चुकीचं काही बोलत नव्हतो. हे तूही मानलंस, नाहीतर भांडभांडून दोन वेगळी कपाटं कशाला घ्यायला लावली असतीस? ब्लँकेटचं एका खोलीत, सलाईनचं दुसऱ्या खोलीत, मध्ये भिंत. ते माझंच म्हणणं होतं, तुझ्या ह्या सार्जंट साहेबांचं. पण तुला कपाटाबद्दल ऐकायचंच नव्हतं. तुला कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं, की हो शैला, तुझ्या हातून झालं, आणि चल, आपण जाऊन सांगू. मला वाटायचं, तुझ्या डोक्यावरचं ओझं मी कमी करतोय. तू मात्र ते खाली ठेवायला जागा शोधत होतीस.

पुढची वर्षं तू त्या कपाटापुढे पहारेकऱ्यासारखी उभी राहिलीस. एका सर्जननी कडाक्याच्या थंडीत पराठ्यांचा डबा ब्लँकेटांत सरकवला होता, तो तू सगळ्यांदेखत बाहेर काढून त्यांच्या हातात दिलास. "डॉक्टरसाब, पराठे के लिए कैंटीन है जी." सिमरन नावाच्या नव्या पोरीने तारीख न घालता पिशव्या आत ठेवल्या, तर तू सगळा कप्पा रिकामा करायला लावलास. ती रडली. तू घरी येऊन मला सांगितलंस, आणि मीही चिडलो. "लेकरू आहे यार, एवढं काय त्यात?" तू म्हणालीस, "रडली ना? मग लक्षात राहील. मला कुणी रडवलं नव्हतं वेळेवर." मला तेव्हा तुझा राग आला होता. नंतर ती सिमरनच दर दिवाळीला मिठाई घेऊन यायची, तेव्हा मी मुकाट खायचो. श्रीखंडावरून भांडणारा माणूस, मला काय कळणार.

आणि मग तो खरडचा रविवार. ऊन छान पडलं होतं. आदल्या दिवशी आपण सेक्टर बावीसला गेलो होतो. शाल निवडायला तू दुकानदाराला जेरीस आणलंस. ही टोचते, ही भडक, ही म्हाताऱ्या माणसाला जड होईल. शेवटी बदामी रंगाची, मऊ, हलकी. दुकानदार म्हणाला, "बहनजी, किसके लिए है?" तू म्हणालीस, "अपनी ही हैं." मी पाकीट काढलं.

गल्ली मिळाली, फाटक मिळालं, तुतीचं झाड मिळालं. मी गाडी समोर लावली. तू शाल मांडीवर घेऊन बसून राहिलीस.

"उतर की."

"काय म्हणू हो? ही शाल घ्या, मी तुम्हाला भाजलं होतं?"

"हो. असंच म्हण."

"आणि त्या म्हणाल्या, इतके दिवस रोज पट्टी करत होतीस, तेव्हा का नाही बोललीस? तर?"

गल्लीतून एक सायकलवाला गेला, एक कुत्रं गाडीला वास घेऊन गेलं. तू रडत होतीस, आवाज न करता, पदर तोंडाला लावून. किती वेळ बसलो असू. मग तू म्हणालीस, "राहू दे. चला." आणि मी किल्ली फिरवली. शैला, एवढीच गोष्ट मला रोज दिसते. तू चला म्हणालीस आणि मी लगेच किल्ली फिरवली. मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. जरा थांबलो असतो, तुझ्या बाजूचं दार उघडून उभा राहिलो असतो, तर तू उतरली असतीस. कदाचित शिव्या देत उतरली असतीस, पण उतरली असतीस.

वाटेत मोहालीला छोले-कुलचे खायला थांबलो. तू काही खाल्लं नाहीस. घरी आल्यावर म्हणालीस, "रिटायर झाले की जाऊ. मग हॉस्पिटलवाले मला काही म्हणू शकणार नाहीत." मी म्हणालो, पक्का? तू म्हणालीस, पक्का. आपल्या दोघांनाही त्या पक्क्याने फार बरं वाटलं. त्यानंतर मधूनमधून विषय निघायचा आणि आपण दोघं तो तेवढ्यावरच ठेवायचो. रिटायरमेंट येत्या मार्चला होती.

तू बाथरूममध्ये पडलीस, ते सगळं लिहायचं नाही मला. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. तुझ्याच हॉस्पिटलात, तुझ्याच माणसांनी तुला आत नेलं. मला भेटायला सोडायचे ते दुपारी. तोंडात नळी, डोळे मिटलेले, आणि पाय, अगं, तुझे पाय बर्फासारखे गार. थंडीत माझ्या पोटऱ्यांना पाय लावून मला दचकवायचीस, तेव्हासुद्धा इतके गार नसायचे. मी घाबरलो. सिमरन तिथेच होती, थिएटरमधली ड्यूटी संपवून तुझ्यासाठी येऊन बसायची. मी तिला म्हणालो, "बेटा, एक गरम थैली रख दो पैरों के पास. कुछ भी, गरम पानी की बोतल चलेगी."

ती नाही म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आवाज चढवला. तुझी मैम आहे ती, जिने तुला शिकवलं तिचे पाय गारठलेत आणि तुला एक पिशवी ठेवता येत नाही? आजूबाजूचे बघायला लागले. पोरगी रडायला लागली, पण जागची हलली नाही. "अंकल, मैम ने ही सिखाया है. जो बोल नहीं सकता, उसके पास गरम थैली नहीं रखते." मग तिने एक ब्लँकेट आणलं, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितलं, मग तुझ्या पायांवर घातलं, नीट, कडा खोचून. भेटीची वेळ संपेपर्यंत मी त्या ब्लँकेटात हात घालून तुझे पाय चोळत बसलो. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की त्या पोरींना रडवून रडवून तू काय केलं होतंस. मला तुझा इतका अभिमान वाटला, आणि तुला सांगायला गेलो तर तू ऐकत होतीस की नाही, देव जाणे. जिवंतपणी एकदा म्हणायला काय झालं होतं मला? एकदा, चहा पिताना, सहज. शैला, तू चांगलं काम केलंस. एवढंच.

तर आज सकाळी शाल घेतली आणि गाडी काढली. मुक्ताला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पापा, अब क्या फ़ायदा? मम्मी तो हैं नहीं." तिला काय सांगणार. फायद्यासाठी नव्हतो चाललो.

खरड ओळखू येत नाही आता. जिथे शेतं होती तिथे उंच उंच फ्लॅट, कॉलेजची पोरं, मोमोच्या गाड्या. पण गुरुद्वाऱ्यामागची ती गल्ली तशीच आहे. फाटक निळंच आहे, तुती निष्पर्ण. मी ह्या वेळी गाडी बंद केली आणि किल्ली खिशात टाकली, आणि आत काही विचार यायच्या आधी उतरलो.

बीजी अंगणात उन्हात खाटेवर बसल्या होत्या. फार म्हाताऱ्या झाल्यात. मी नमस्कार केला, नाव सांगितलं. म्हणालो, हॉस्पिटलात तुमची पट्टी करायला एक सिस्टर यायची, मी तिचा नवरा.

"ओ मराठी सिस्टर?" त्यांचा चेहरा उजळला. माझ्या मागे, फाटकाकडे बघायला लागल्या. "ओ कित्थे है?"

मी म्हणालो, ती गेली, बीजी. त्यांनी डोळे मिटून वाहेगुरूचं नाव घेतलं. मला धरून खाटेवर बसवलं. मग मी तुझं वाक्य बोललो, शैला. माझ्या मोडक्या हिंदीत, मान खाली घालून. ती गरम पिशवी तिने ठेवली होती. तुम्हाला थंडी वाजत होती म्हणून. चुकून जास्त तापलेली होती. तुमच्या कुशीला भाजलं ते तिच्या हातून. तिला तुम्हाला हे सांगायचं होतं, कायम सांगायचं होतं.

बीजी म्हणाल्या, "मैनूं पता सी, पुत्तर."

माहीत होतं? मला वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं.

"पट्टी करते हुए उसके हाथ काँपते थे. और लड़कियाँ भी आती थीं, उनके नहीं काँपते थे."

"मग तुम्ही तिला काही बोलला का नाहीत, बीजी?"

"मैंने सोचा, ख़ुद बोलेगी. बोल लेगी तो हल्की हो जाएगी. मैं बोल देती तो उसका बोझ तो वहीं रहता ना."

मी शाल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडली, गालाला लावली, खांद्यावर घेतली. मग म्हणाल्या, "एक बार आई भी थी वो." मी मान वर केली. "ऐत्थे, फाटक के सामने, सफ़ेद गाड़ी में. मैं छत पे थी, कपड़े उठा रही थी. ऊपर से देखा, रो रही है. मैंने आवाज़ नहीं दी, शरमा जाएगी. बहू को कहा, चाय चढ़ा, मराठी सिस्टर आई है. और मैं उतरने लगी. पर मुझे टाइम लगता है उतरने में, ये साइड खिंचती है." त्यांनी शालीवरूनच कुशीला हात लावला. "फाटक खोला तो गाड़ी जा चुकी थी."

तू खाली गाडीत बसून शब्द शोधत होतीस आणि ती बाई कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होती. आत चहा उकळत होता. आणि मी किल्ली फिरवली. अजून जरा, शैला. अजून जरा बसलो असतो ना आपण.

बीजींनी सुनेला हाक मारली आणि तीन कप आणायला सांगितलं. सुनेने विचारलं, तिसरा कुणाचा. "ओहदा," तिचा, म्हणाल्या, फाटकाकडे हात करून. आल्याचा, गोड, दाट चहा. मी माझा प्यालो, त्यांनी त्यांचा प्यायला. तिसरा कप खाटेच्या कडेला तसाच राहिला. आम्ही तुझ्याबद्दल बोलत बसलो, तुझ्या तारखांबद्दल, श्रीखंडाबद्दल, तू पंजाबी कशी कराडच्या हेलात बोलायचीस त्याबद्दल. बीजी तोंडाला शाल लावून हसल्या. उठायची वेळ झाली तेव्हा त्या कपावर साय धरली होती. सून म्हणाली, "अंकलजी, ये मैं गरम करके ला देती हूँ, आप पी लो."

मी म्हणालो, नको. एकदा गार झालेलं परत गरम करायचं नाही, असं ती म्हणायची.

तसाच गार प्यालो, शैला. तुझ्या वाटचा होता.